वगळून चालणारे पर्व

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील नाटक-चित्रपटांची परीक्षणे मी नेमाने वाचतो. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली शाळा-कॉलेजातली मुले आज ज्या जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे चलचित्र मालिका जीव लावून पाहतात, त्यांच्याविषयी मात्र तिथे क्वचितच काही छापून येते आणि आले तरी चित्रांची सफाई व मारामारीचा वेग यांपलीकडे जात नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या पुतण्याबरोबर मी गेली काही वर्षे रात्रीच्या जेवणानंतर एक-दोन भाग पाहतो. ‘ब्लीच’ पाहताना आम्ही १६७व्या भागापर्यंत आलो होतो. ग्रिमजॉ या शत्रूशी झालेली झुंज नुकतीच संपली होती, मालिकेचा नायक इचिगो रक्तबंबाळ झाला होता आणि जिला सोडवायला तो शत्रूच्या वाळवंटी मुलखात शिरला, त्या ओरिहिमेची सुटका अजून पुरती झाली नव्हती. १६८वा भाग लावला तर इचिगो थेट आपल्या गावी, आणि कथा एका नव्या कप्तानाची! पुतण्या म्हणाला, “काका, हे बावीस भाग सोडले तरी चालतात.” मी ते सोडू दिले नाहीत. आम्ही १८९व्या भागापर्यंत सगळे पाहिले आणि त्याचेच म्हणणे खरे ठरले. १९०व्या भागात इचिगो पुन्हा त्याच वाळवंटात उभा होता आणि मधल्या साऱ्या प्रकाराची एक खूणही त्याच्या अंगावर वा मनावर उरली नव्हती.

ज्याला ही मुले ‘आर्क’ म्हणतात त्या पर्वाची, म्हणजे मोठ्या मालिकेतल्या एका सलग कथाभागाची पारख, माझ्या मते, याच एका जागी होते. ते पर्व काढून टाकले तर पुढच्या कथेतला नायक तोच राहतो की बदलतो? तोच राहत असेल, तर लढाया कितीही देखण्या असोत, ते पर्व फसले.

याचे खापर बहुतेक जण ‘फिलर’वर, म्हणजे मूळ चित्रकथेत नसलेल्या भरतीच्या भागांवर फोडतात. त्यामागची अडचण खरी आहे. साप्ताहिकात मंगाचे, म्हणजे या मूळ जपानी चित्रकथेचे, दर आठवड्याला साधारण वीस पानांचे एक प्रकरण येते, आणि दर आठवड्याला दाखवायचा अ‍ॅनिमेचा भाग त्याहून जास्त मजकूर खातो, त्यामुळे कधी ना कधी मालिका लेखकाच्या पाठीला जाऊन भिडतेच. मग एक तर कथा ताणायची, नाही तर स्वतःची जोडायची. ‘वन पीस’ने ताणण्याचा मार्ग घेतला. ड्रेसरोझाच्या पर्वाला मंगात १०२ प्रकरणे आहेत आणि अ‍ॅनिमेत त्याचे ११८ भाग झाले, म्हणजे एका भागाला पुरते एक प्रकरणही मिळाले नाही. परंतु ताणलेले पर्व आणि कमकुवत पर्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ड्रॅगन बॉल झेड’मध्ये खलनायक फ्रीझा सांगतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटेल, आणि ती पाच मिनिटे सरायला जवळजवळ दहा भाग लागतात. तरीही ती लढाई आजवर कोणी विसरलेले नाही, कारण तिच्या आधी नायक गोकूच्या डोळ्यांदेखत त्याचा मित्र क्रिलिन मारला गेला होता आणि त्या क्षणानंतरचा गोकू आधीचा राहिलेला नव्हता.

उलट, लेखकाच्या स्वतःच्या हातचे पर्वही फसते. मासाशी किशिमोतो यांनी १९९९ ते २०१४ या काळात ‘नारुतो’ या मंगाची ७०० प्रकरणे लिहिली. शेवटच्या महायुद्धात, ज्या मादारा या खलनायकाचा दरारा वर्षानुवर्षे उभा केला होता, त्याला त्याचाच हस्तक पाठीमागून भोसकतो आणि त्याच्या देहातून कागुया नावाची नवीच शत्रू प्रकट होते. तिची ताकद सगळ्यांहून मोठी आहे, पण नारुतोचे तिच्याशी देणेघेणे काय? तिने त्याचे काही हिरावलेले नाही, ती त्याला काही विचारत नाही, आणि तिच्या तोंडी फारसे शब्दही नाहीत. याच मालिकेतला पेन हा खलनायक आठवावा. तो नारुतोच्याच गुरूचा जुना शिष्य आणि त्याच गुरूचा मारेकरी. तो नारुतोला विचारतो की सूडाचे हे चक्र तू कसे थांबवणार आहेस, आणि नारुतोजवळ त्या वेळी तयार उत्तर नसते. उत्तर नसलेला नायक समोरच्याच्या गोष्टीला कान देतो, हीच त्या पर्वातली सर्वांत मोठी लढाई आहे.

किंवा अगदी सुरुवातीचे, लाटांच्या देशातले छोटेसे पर्व घ्या. नारुतोचा शिक्षक काकाशी याची वीज भरलेली मूठ शत्रू झाबुझाच्या दिशेने येते आणि मध्ये झाबुझाचा तरुण साथीदार हाकू उभा राहतो. हाकूला आपण केवळ हत्यार मानत होतो असे झाबुझा म्हणतो, तेव्हा लहानगा नारुतो त्याच्यावर ओरडतो, आणि त्या क्रूर माणसाच्या डोळ्यांना पाणी येते. दोन्ही हात निकामी झालेला झाबुझा तोंडात सुरी धरून शत्रूंच्या घोळक्यात घुसतो आणि शेवटी हाकूशेजारी पडून राहण्याची इच्छा सांगतो. बर्फ पडू लागते. माझा पुतण्या, जो एरवी भाग संपायच्या आत पुढचा लावतो, त्या रात्री रिमोट हातात धरून तसाच बसून राहिला होता. हे सगळे १४ भागांत झाले. आपण निन्जा होऊन कशासाठी जगायचे, हा प्रश्न नारुतोला तिथे पहिल्यांदा पडला आणि पुढे शेकडो भाग त्याने तोच वागवला.

येथे मला आपल्या गावचीच एक रीत आठवते. दरवर्षी तानसेन समारोहाच्या आरंभी हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी हरिकथा होते. कीर्तनकार पूर्वरंगात एक पद घेतो, त्याचे निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो आणि मध्ये किती तरी दृष्टांत सांगतो. श्रोता त्याच्यामागून कुठेही जातो, कारण बुवा मूळ पदावर परत येणार हे त्याला ठाऊक असते, आणि परत आल्यावर त्या पदाचा अर्थ आधीपेक्षा खोल झालेला असतो. तसा तो झाला नाही, तर दृष्टांत कितीही रंगला तरी श्रोते चुळबूळ करू लागतात. लांब मालिकेत ही चुळबूळ अधिक बोचते, कारण प्रेक्षकाने तासाभराचा नव्हे, तर आयुष्यातल्या कित्येक वर्षांचा विश्वास टाकलेला असतो.

अलीकडे बऱ्याच मालिका वर्षभर न चालता हंगामांनी येतात, ‘ब्लीच’ही २०२२ मध्ये तशीच परतली, आणि भरतीचे भाग त्यामुळे कमी झाले. कागुयासारखी अडचण मात्र वेळापत्रकाने सुटणारी नव्हे, ती लिहिणाऱ्याच्या टेबलावरच सुटायला हवी.

माझी विनंती एवढीच की आपल्या पुरवणीत या मालिकांना महिन्यातून एकदा तरी जागा द्यावी, त्यांची परीक्षणे पर्वागणिक यावीत आणि ती शक्यतो त्या पाहत वाढलेल्या तरुण मुलामुलींकडूनच लिहवून घ्यावीत.

आपला,
एक नियमित वाचक
लष्कर, ग्वाल्हेर