अल्गो विकणाऱ्याचा हिशेब गिऱ्हाइकाला दिसू द्या : सेबीच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

महोदय,

४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने छोट्या गुंतवणूकदाराच्या अल्गो ट्रेडिंगला (ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे सॉफ्टवेअरने आपोआप केलेल्या खरेदी-विक्रीला) पहिल्यांदा नीट चौकट मिळाली. अल्गो विकणाऱ्याने एक्स्चेंजच्या (शेअर बाजाराच्या) पॅनेलवर, म्हणजे मान्य विक्रेत्यांच्या यादीत यायचे, जबाबदारी ब्रोकरने घ्यायची, प्रत्येक ऑर्डरवर अल्गो आयडी (त्या अल्गोचा ओळखक्रमांक) लागायचा, ऑर्डरी ठरलेल्या स्टॅटिक आयपीवरूनच (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यावरूनच) जायच्या. अंमलबजावणीची मुदत सरकत सरकत १ एप्रिल २०२६ पर्यंत आली, पण चौकट चांगली आहे. आमची तक्रार तिच्याबद्दल नाही. अल्गो कोणी विकायचा हे ती ठरवते; काय विकत घ्यावे हे गिऱ्हाइकाने कसे ठरवायचे, त्याबद्दल मात्र गप्प आहे.

त्यामुळे पॅनेलवरचे नाव म्हणजे दर्जाचा शिक्का, असा अर्थ बाजारात लावला जातो. ‘एक्स्चेंज-मान्य अल्गो’ हे शब्द प्रेशर कुकरवरच्या आयएसआयच्या खुणेसारखे वापरले जातात. एक्स्चेंज फार तर नोंदणी आणि तांत्रिक बाबी तपासते. अल्गो पैसे कमावतो की घालवतो, हे तपासणे तिचे कामच नाही. तुमच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीचाही विक्रीसाठी उलटा वापर होतो. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये वायदे बाजारातल्या परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि प्रोप्रायटरी ट्रेडरच्या (स्वतःच्याच पैशावर व्यवहार करणाऱ्या संस्थांच्या) नफ्यातला ९६ टक्के वाटा अल्गोचा होता, एवढेच वाक्य उचलायचे. त्याच पाहणीत तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्तिगत ट्रेडर तोट्यात गेले असेही आहे, ते वाक्य गाळायचे.

२ सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकाने परताव्याची जाहिरात करायला ब्रोकरला मनाई केली आणि तसे दावे करणाऱ्या प्लॅटफॉर्मशी संबंध ठेवायलाही. हेतू रास्त होता. पण दावे थांबले नाहीत. ते वेबसाइटवरून उतरून टेलिग्रामवर गेले, आणि तिथे पुरावा म्हणून चालतो तो नफ्याचा स्क्रीनशॉट. एका विक्रेत्याकडे चाळीस स्ट्रॅटेजी असतात, त्यातल्या वर्षभर टिकलेल्या तीन पुढे येतात. देवळात घंटा बांधतात ती नवस फळलेली माणसे. न फळलेल्यांची मोजदाद कुठेच नसते.

आता बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर घेतलेली स्ट्रॅटेजीची परीक्षा. गिऱ्हाइकाला पाच वर्षांचा चढता आलेख दाखवतात. त्या पाच वर्षांत बाजाराचे नियम किती बदलले ते पाहा. बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी (दर आठवड्याला करार संपण्याची सोय) नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. निफ्टीची एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारवरून मंगळवारी गेली. निफ्टीचा लॉट (एका सौद्यातली किमान संख्या) २०२४ च्या सुरुवातीला ५० चा होता, मग २५, मग ७५, आणि नंतर ६५. यातले काहीही लक्षात न घेता काढलेला आलेख म्हणजे बोलाचीच कढी. दुसरी गोम डेटात असते. एक मिनिटाच्या कँडलमध्ये (त्या मिनिटातल्या भावांच्या नोंदीत) वरचा भाव आधी आला की खालचा, हे कळत नाही. दोन्ही बाजूंचे स्टॉप-लॉस (ठरलेल्या तोट्यावर सौदा बंद करणाऱ्या ऑर्डरी) एकाच मिनिटात लागले तर बॅकटेस्ट सहसा सोयीचे तेच धरते. आणि स्टॉप-लॉस नेमका २५ टक्क्यांवर ठेवला असेल, तर २३ आणि २७ घालून तीच परीक्षा पुन्हा घ्यायला सांगावे. आकडा दोन टक्क्यांनी हलवताच नफा गायब होत असेल, तर स्ट्रॅटेजी बाजारावर नव्हे, जुन्या डेटावर बेतलेली आहे.

खर्चाचा हिशेबही अर्धाच दाखवतात. सकाळी ९.२० ला निफ्टीचा कॉल आणि पुट (निफ्टी चढण्यावरचा आणि उतरण्यावरचा ऑप्शन करार) विकायचा आणि दुपारी बाहेर पडायचे, ही सगळ्यांत जास्त खपणारी स्ट्रॅटेजी घेऊ. लॉट ६५ चा, प्रत्येक बाजूचा प्रीमियम (ऑप्शनचा भाव) १०० रुपये. दिवसात चार ऑर्डरी. प्रत्येकी २० रुपयांप्रमाणे दलाली ८० रुपये. एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), एक्स्चेंजचे शुल्क, स्टँप ड्यूटी आणि जीएसटी मिळून आणखी चाळीसेक. इथपर्यंतचा आकडा बहुतेक विक्रेते देतात. आता स्लिपेज, म्हणजे धरलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक. प्रत्येक ऑर्डरीत फक्त ५० पैसे भाव घसरला धरला, तरी ४ × ०.५० × ६५ म्हणजे १३० रुपये, दलाली आणि करांच्या बेरजेपेक्षा जास्त. रोजचे २५० रुपये झाले. वर्षाचे २४५ दिवस धरले तर ६१ हजारांच्या वर, आणि तेही एका लॉटवर, ज्याला मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची तारण रक्कम) लागते दोन-अडीच लाख. याशिवाय सॉफ्टवेअरची वार्षिक फी वेगळी. शिवाय ९.२० ही वेळ हजारो गिऱ्हाइकांची एकच असेल, तर ५० पैशांत भागणारही नाही.

सगळ्यांत महाग पडते ते स्टॉप-लॉसबद्दलचे अज्ञान. सप्टेंबर २०२१ पासून एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) ऑप्शनमध्ये स्टॉप-लॉस मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला बाहेर काढणारी ऑर्डर चालत नाही. ट्रिगरबरोबर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) लिमिट (ज्या भावापलीकडे ती पुरी होत नाही) द्यावी लागते. समजा १०० ला विकलेल्या कॉलचा ट्रिगर १३० आणि लिमिट १३५ ठेवली. भाव १२८ वरून थेट १५० वर उडाला, तर ऑर्डर ट्रिगर होते पण पुरी होत नाही. ती १३५ वर लटकून राहते, पोझिशन (केलेला सौदा) उघडी, आणि स्क्रीनवर मात्र ‘स्टॉप-लॉस ट्रिगर झाला’ असे हिरव्या अक्षरांत. चांगले सॉफ्टवेअर दोन-तीन सेकंदांत ऑर्डर तपासते, लिमिट वर सरकवते, पुन्हा तपासते. वाईट सॉफ्टवेअर वाट पाहत बसते. बॅकटेस्टमध्ये मात्र दोघांचीही सुटका १३० लाच झालेली असते. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास ६ टक्के पडून बंद झाला. त्या दिवसाची खऱ्या खात्यातली ऑर्डरबुक (सगळ्या ऑर्डरींची नोंद) मागितली की विक्रेत्याची पारख अर्ध्या तासात होते.

बाकीचे बिघाड वरवर क्षुल्लक दिसतात. ऑर्डर पाठवल्यावर पोचपावती यायच्या आत सर्व्हर बंद पडला, तर पुन्हा सुरू होताना सॉफ्टवेअर ब्रोकरची ऑर्डरबुक वाचते की तीच ऑर्डर दुसऱ्यांदा टाकते? पोझिशन हाताने बंद केली, तर मागे राहिलेली स्टॉप-लॉस ऑर्डर रद्द होते का? न झाल्यास ती दुपारी कधीतरी लागते आणि गिऱ्हाइकाच्या नकळत उलटी पोझिशन उभी राहते. हेज (तोट्याला आळा घालणारा ऑप्शन) आधी घेऊन मग विक्री, आणि बाहेर पडताना आधी विक्री कापून मग हेज, हा क्रम पाळला नाही तर मार्जिनअभावी सौद्याचा एक पाय (एक भाग) नाकारला जातो आणि दुसरा तसाच उघडा राहतो. ‘किल स्विच’ (अल्गो तातडीने थांबवायचे बटण) दाबल्यावर कोणी फक्त नव्या ऑर्डरी थांबवतो, कोणी पेंडिंग ऑर्डरी रद्द करतो, कोणी पोझिशनही कापतो; शब्द मात्र सगळ्यांचा एकच. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई ११.४० ला बंद पडले आणि ३.४५ ते ५ पुन्हा चालले. ‘३.१५ ला बाहेर पड’ एवढेच लिहिलेल्या सॉफ्टवेअरने त्या दिवशी काय केले असेल, याची कल्पना तुम्हाला आहेच.

आणि एक गोष्ट आजच्या आज थांबायला हवी. रोजचा लॉगिन आपोआप व्हावा म्हणून अजूनही काही जण गिऱ्हाइकाकडून पासवर्डबरोबर टीओटीपीची (वेळेनुसार बदलणाऱ्या लॉगिन-कोडची) गुप्त किल्ली मागून घेतात. ही किल्ली देणे म्हणजे घराच्या चावीबरोबर तिजोरीचीही देणे. तुमच्या परिपत्रकात ओऑथ पद्धतीचाच (पासवर्ड तिसऱ्याच्या हाती न देता होणारा) लॉगिन सांगितला आहे. तो मोडणाऱ्या विक्रेत्यावर कारवाईची तरतूद ब्रोकरच्या करारात ठळक हवी.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत.

प्रत्येक ऑर्डरवर अल्गो आयडी लागतो, म्हणजे हिशेबाचा कच्चा माल एक्स्चेंजकडे आधीच जमा आहे. त्यातून दर महिन्याला प्रत्येक अल्गोसाठी प्रसिद्ध करा : किती खात्यांत चालला, सगळ्या खर्चानंतर मधल्या क्रमांकाच्या खात्याला किती सुटले, सर्वांत मोठी घसरण किती, आणि किती ऑर्डरी नाकारल्या गेल्या. सरासरी नको, दोन मोठी खाती सरासरी फिरवतात. परतावा पडताळणाऱ्या संस्थेचे परिपत्रक तुम्ही एप्रिल २०२५ मध्ये काढले, पण तिच्याकडे जाणे ऐच्छिक आहे, आणि तोट्यातला विक्रेता आपणहून कशाला जाईल?

यात एक पळवाट आहे, ती आत्ताच बुजवा. ब्लॅक बॉक्स अल्गोचे (ज्याचे आतले नियम गिऱ्हाइकाला दिसत नाहीत त्याचे) लॉजिक बदलले की नव्याने नोंदणी करावी लागते. नियम योग्यच, पण त्यामुळे बुडालेल्या अल्गोला नवा आयडी आणि कोरी पाटी मिळू शकते. म्हणून आकडे आयडीबरोबरच विक्रेत्याच्या नावावरही साठवा, बंद केलेल्या अल्गोंसह.

शनिवारच्या मॉक (सरावाच्या) सत्रांत पॅनेलवरच्या प्रत्येक सॉफ्टवेअरची बिघाड-परीक्षा घ्या. जोडणी मध्येच तोडा, एक पाय नाकारा, स्टॉप-लॉस लिमिटच्या पलीकडे उडवा, सत्राची वेळ ऐनवेळी बदला. निकाल पास-नापास असा न देता, सॉफ्टवेअरने नेमके काय केले ते चार ओळींत लिहून एक्स्चेंजच्या वेबसाइटवर ठेवा. ‘किल स्विच’ या शब्दाची एकच व्याख्या ठरवून द्या.

आणि हे आकडे व निकाल गिऱ्हाइकाला एकपानी माहितीपत्रकात द्या, आणि ते मराठीतही असू द्या. नोंदणीकृत गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे, आणि अल्गोची विक्री इचलकरंजीपासून नांदेडपर्यंत अस्खलित मराठीतच होते. इंग्रजी फक्त जबाबदारी झटकणाऱ्या बारीक अक्षरांत असते.

आपले,
अल्गो सॉफ्टवेअर लिहिणारे आणि तपासणारे काही जण