नर घोडा माजोरी नसतो, एकटा असतो

महोदय,

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा आणि त्यापाठोपाठ माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला घोडेबाजार भरतो. अंडील, म्हणजे खच्ची न केलेला, घोडा घेताना गिऱ्हाईक अंगावरचे केसांचे भोवरे पाहतं, देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा पाहतं, उंची मोजतं, चाल बघतं. तो कोणाच्या संगतीत वाढला हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. पुढे तो चावू लागला, अंगावर धावून येऊ लागला की ‘नराची जातच माजोरी’ म्हणत त्याला आणखी आखूड बांधतात. हे निदान चुकीचं आहे आणि त्याची शिक्षा मुकं जनावर भोगतं.

मोकळ्या रानातल्या कळपात सहसा एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरं असतात. पाण्याला, चरायला निघताना पुष्कळदा जाणती घोडी पुढे होते. नर मागे राहतो, मान जमिनीलगत नेऊन, कान पाडून रेंगाळणाऱ्यांना हाकतो आणि परक्या नराला आडवा जातो. दोन-तीन वर्षांचे नर कळपातून बाहेर पडतात, पण एकटे राहत नाहीत. त्यांची आपसांत टोळी जमते. ते एकमेकांची मान दातांनी खाजवतात, लुटुपुटीची झुंज खेळतात. किती जोराने चावलं की समोरचा उलटतो, माघार कधी घ्यायची, हे सारं त्या टोळीत अंगवळणी पडतं. स्वतःचा कळप जमायला बहुधा पाचवं-सहावं वर्ष उजाडतं.

दोन थोराड नर भेटले तरी लगेच रक्त निघत नाही. माना कमानीसारख्या करून ते समोर येतात, नाकपुड्या भिडवतात, चीत्कारतात, पुढचा पाय आपटतात. मग लिदीचा ढीग हुंगायचा, त्यावर आपली लीद टाकायची, पुन्हा हुंगायचं. वरचढ नर सहसा शेवटी टाकतो. बहुतेक भेटी इथेच मिटतात. खरी मारामारी होते ती माजावरच्या घोडीवरून, नाहीतर हरणाऱ्याला पळायला वाट नसली म्हणून.

आपल्याकडे दूध तोडलं की नर शिंगरू वेगळं बांधतात, आणि पुढे जन्मभर अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोरांनी जखडलेलं. दुसरा घोडा दिसतो, त्याचा वास येतो, भेट मात्र होत नाही. असे नर अंग झुलवत राहतात, गव्हाणीला दात लावून हवा गिळतात, काही तर स्वतःचीच कूस चावून फोडतात. त्यातच बाजारात भाव यावा म्हणून मागच्या पायांवर उभं राहायला शिकवतात. पुढचे पाय उचलून मारणं हा नराचा झुंजीतला डाव आहे. त्यावर चंदी (दाणा) आणि टाळ्या मिळाल्या की तोच डाव तो उद्या मोतद्दारावर, म्हणजे त्याची निगा राखणाऱ्यावर, टाकणार.

स्वित्झर्लंडमधल्या आवाँश इथल्या राष्ट्रीय अश्वपैदास केंद्रात पैदाशीचा हंगाम संपल्यावर नरांना मोठ्या कुरणात एकत्र सोडून पाहिलं गेलं. पहिल्या तीन-चार दिवसांत कुरबुरी ओसरल्या. पण त्यामागची पथ्यं सांभाळली पाहिजेत. आधी काही दिवस शेजारी ठेवून ओळख होऊ द्यावी. मागच्या पायांचे नाल काढावेत, कारण नालाची दुगाणी हाड मोडते. जागा सगळ्यांना नवी असावी, प्रशस्त असावी, कोंडी होईल असा कोपरा नसावा. चारा घोड्यांच्या संख्येपेक्षा जास्त ठिकाणी, दूरदूर टाकावा. घोडी जवळपास नकोच. घोडी फळवण्यासाठी एखादा नेला तर घोडीचा वास घेऊन आलेल्या त्या नराला तसाच परत टोळीत सोडू नये.

एवढी जमीन नसणाऱ्यांनी निदान तबेल्यातल्या शेजारच्या दोन ठाणांमधली अर्धी भिंत काढून, डोकं-मान पलीकडे जाईल असे उभे गज लावावेत. उरलेली अर्धी भिंत बंद ठेवावी, म्हणजे नको तेव्हा घोड्याला बाजूला होता येतं. शिंगरांना तर दूध तोडल्यावर समवयस्क नरांत किंवा शांत, वयस्क खच्ची घोड्याबरोबरच वाढवावं. वर्षाच्या आत माद्यांपासून वेगळं करावं, पण एकटं पाडू नये.

पैदाशीला न लागणारा नर एक-दोन वर्षांचा असताना पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यावा. थंडीत माश्या कमी असतात, तेव्हा बरं. धनुर्वाताची लस आधी द्यावी, दोन्ही अंड उतरलेत का ते तपासावं. एक पोटात राहिला तर वागणं अंडील घोड्याचंच राहतं. नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रोज चालवावं, नाहीतर सूज धरते. सहा आठवडे तरी घोडीजवळ सोडू नये, कारण उरलेल्या वीर्यानेही घोडी गाभण राहू शकते. उशिरा खच्ची केलेल्या घोड्याच्या जुन्या सवयी लगेच सुटतील असंही नाही.

यात्रेच्या आयोजकांना आणि पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे. नरांच्या आणि माद्यांच्या दावणी वेगळ्या आखाव्यात, वारा माद्यांकडून नरांकडे येणार नाही अशा बेताने. दोन नरांत दुगाणी पोचणार नाही इतकं अंतर सोडावं, दिवसभर समोर कडबा असावा, आणि दोन पायांवर उभं करण्याच्या स्पर्धांना बक्षीस देणं बंद करावं.

— एक अश्वपालक, जि. नंदुरबार