त्या सहा पायांच्या जनावराला वैरण कोण घालतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बर्फाळ डोंगरांतल्या एका कल्पित राज्याची कथा क्रमशः येत आहे. त्यातलं हत्तीएवढं, सहा पायांचं, केसाळ दुभतं जनावर माझ्या नातवंडांना फार आवडलं आहे, आणि मलाही. मराठीत अशी अद्भुत जगं रचली जातात याचा आनंद वाटतो. पण उभा जन्म गुरांच्या दवाखान्यात गेलेल्या मला एक गोष्ट राहून राहून खटकते. हे जनावर बारा महिने दूध देतं, पण ते व्यायल्याचं कुठे येत नाही. ते खातं काय, हेही नाही.

दुभत्या संकरित गाईला रोज 20-25 किलो हिरवा चारा, 5-6 किलो कडबा आणि वर पेंड लागते. मग हत्तीएवढ्या जनावराला किती कुरणं लागतील? ती बर्फाखाली गेली की गवताच्या गंजी कुठे रचणार, त्यांवर राखण कोणाची? एवढं ठरवलं तरी त्या गावाचं निम्मं जगणं डोळ्यांपुढे येतं. कथेतलं युद्ध मुकुटासाठी चाललं आहे. ते कुरणासाठी असतं तर मला जास्त पटलं असतं.

व्यायल्याशिवाय दूध नाही. गाय साधारण 280 दिवस गाभण राहते, म्हैस 310 दिवस, आणि विण्याआधी दोनेक महिने तिला आटवावं, म्हणजे तिचं दूध काढणं थांबवावं लागतं. व्यायली की पहिला चीक, मग घरोघर खरवस. पण रेडकू दगावलं तर म्हैस पान्हा चोरते. अशा वेळी त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून, वर मीठ लावून ते तिच्यापुढे ठेवतात. हे मी गोठ्यात उभं राहून पाहिलं आहे. म्हैस ते चाटत राहते, हळूहळू कास भरते, आणि धार काढणारी बाई तिच्याकडे मान वर करून बघत नाही. मुलांच्या कथेत हे नको असं कोणाला वाटेल. मला वाटतं, मुलांना हे कळतं.

कोणी म्हणेल, कामधेनूने कुठे चारा मागितला? पण महाभारतात विश्वामित्राचे सैनिक वसिष्ठांच्या नंदिनी या कामधेनूला नेऊ लागतात, तेव्हा ती मार खाऊनही आश्रम सोडत नाही, आणि वासराला बांधून ओढून नेत आहेत हे कळल्यावर तिचा कोप होतो. मागाल ते देणाऱ्या गाईलाही वासरू आहे. तिच्यावरून राजा आणि ऋषी यांच्यात तंटा आहे.

जनावराच्या अंगावर त्याचा मुलूख दिसायला हवा. आमच्या अकोले-इगतपुरीकडची डांगी गाय घ्या. भर पावसात तिच्या पाठीवर हात फिरवला तर तळव्याला तेलकटपणा लागतो. कातडीतून पाझरणाऱ्या या तेलामुळे पाणी अंगावरून निथळून जातं. खूर काळे आणि टणक, म्हणून भातखाचराच्या चिखलात बैल दिवसभर टिकतो. दुधाला ती फारशी नाही, पण त्या पावसात दुसरं जनावर उभं राहत नाही, म्हणून लोकांनी तिला जपलं. कथेतल्या जनावराचे सहा पाय बर्फावर भार पेलण्यासाठी असतील, तर तसं एका वाक्यात तरी यावं.

लेखकांना विनंती, पुढच्या एखाद्या भागात ते जनावर आटू द्या. त्या दोन महिन्यांत गाव काय खातं, कोणाच्या दारात उसनं मागायला जातं, हे वाचायला आम्ही रविवारची वाट बघू. आणि आपल्या चित्रकारांना राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनाला एकदा जरूर पाठवा. आतापर्यंतच्या एकाही चित्रात त्या दुभत्या जनावराला कास काढलेली नाही.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, अकोले