बाबा, या वेळी समोर बसा

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

हे पत्र डोक्याला बांधलेल्या काडीने एकेक अक्षर टिपून लिहितेय, आज चौथा दिवस. फोनवरच बोलले असते, पण परवा माझी बोचियाची स्पर्धा बघायला येण्याचा विषय काढला तेव्हा बाबा "बघू" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. बाबांचं "बघू" म्हणजे "नाही", हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

वहिनीने मला सगळं सांगितलंय. "आता रॅम्प धरायला ती कॉलेजची मुलगी बसते, मग माझं तिथं काय काम?" असं म्हणालात ना, बाबा?

तुमचं काम काय ते सांगते. कारखान्यातून रिटायर झालात त्या वर्षी माझा पहिला रॅम्प, म्हणजे चेंडू घरंगळत सोडायची पन्हळ, करायला तुम्ही चार इंची पीव्हीसी पाइप आणून उभा चिरलात. दोन दिवस ओसरीवर बसून कानशीने कडा घासल्यात, माझ्या बोटाला लागू नयेत म्हणून. आई म्हणाली, "ही पन्हळ घरात ठेवायची कुठं?" आणि तिनेच जुन्या पायमोज्यांत मोहरी भरून, वाण्याच्या काट्यावर वजन करून, पावणेतीनशे ग्रॅमचे चेंडू शिवले. सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा जॅक, ज्याच्या जवळात जवळ आपला चेंडू न्यायचा. बोचियाचा खरा चेंडू चामड्याचा असतो, पण वजन आईने अगदी नेमकं धरलं होतं. ती पन्हळ अजून माझ्या पलंगाखाली आहे. दादाने दोनदा टाकायला काढली, मी टाकू दिली नाही.

चेंडू किती उंचीवरून सोडायचा त्यावर तो किती लांब जाणार हे ठरतं. मी "दोन बोटं वर" म्हटलं की तुमचा हात बरोबर दोन बोटांवर थांबायचा. आताची मुलगी गुणी आहे, मनापासून करते, पण तिला मला सेंटिमीटर सांगावे लागतात.

आणि तो नियम. आमच्या बीसी थ्री गटात, म्हणजे रॅम्पवरून खेळणाऱ्यांच्या गटात, रॅम्प धरणाऱ्याने कोर्टाकडे पाठ करून बसायचं, मागे वळून बघायचं नाही, खेळाडूला काही सुचवायचं नाही. नेम माझा, निर्णय माझा. हा नियम मला फार प्रिय आहे. मला काय हवंय ते दवाखान्यात, बँकेत, लग्नात सगळे तुम्हालाच विचारायचे. साडेबारा मीटर बाय सहा मीटरच्या त्या जागेत पहिल्यांदा पंचांनी मला विचारलं, लाल की निळा?

पण त्या नियमामुळे सहा वर्षं तुम्ही फक्त माझं तोंड पाहिलंत. चेंडू जॅकला चिकटला की लांब राहिला, ते माझ्या डोळ्यांवरून ओळखायचात. परतताना एसटीत आई सांगायची, "तो निळा कसा लाल्याला ढकलून आत शिरला!" आणि तुम्ही खिडकीशी बसून ऐकायचात. माझा एकच चेंडू तुम्ही पाहिलात, तोही अर्धवट. मी ओरडले आणि तुमची मान वळली. पंचांनी समोरच्या मुलाला जादा चेंडू दिला आणि आपण एका गुणाने हरलो. त्यानंतर तुम्ही त्या दिवसाचं नावही काढलं नाहीत. बाबा, ती मॅच मी त्याच्या आधीच घालवली होती. तिसऱ्या एंडला, म्हणजे तिसऱ्या डावात, माझे दोन चेंडू आखूड पडले होते. तुम्हाला ते दिसलेच नाहीत, मग तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत.

आणि तुम्ही रॅम्प सोडलात तो त्या दंडामुळे नाही. स्पर्धा व्हीलचेअरवाल्यांची आणि हॉलला नऊ पायऱ्या. तीन माणसं घेऊन तुम्ही मला खुर्चीसकट उचललंत आणि तुमची कंबर गेली. मला त्याचा अजून राग येतो. आयोजकांना मी लेखी कळवलं होतं, एकदा नाही, दोनदा. या वेळचा हॉल मी दादाला पाठवून आधी बघून घेतलाय. सपाट दार आहे, संडासही रुंद आहे.

आई, शेजारच्या काकू ऑलिम्पिकचं विचारतात ना, त्यांना सांग की हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नसतोच. पॅरालिम्पिकमध्ये तो १९८४ पासून आहे. धडधाकटांच्या खेळात थोडे फेरफार करून तो आम्हाला दिलेला नाही. बोचिया आणि गोलबॉल हे पॅरालिम्पिकचे स्वतःचे खेळ.

बाबा, मुरलीकांत पेटकरांची गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत. आपल्या पेठ गावचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ ला हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्ण. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "त्यांच्या घरच्यांपैकी कुणी बघितलं असेल का गं त्यांना तिथं पोहताना?" ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पॅरिसला २०२४ मध्ये आटपाडीकडच्या सचिन खिलारींनी १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य आणलं, भारताची एकूण २९ पदकं झाली. खिलारींची ती फेक तुम्ही दादाच्या मोबाइलवर किती वेळा पाहिलीत! हाताची ओंजळ करून मला दाखवत होतात, गोळा मानेशी कसा धरला ते.

मग माझा चेंडू का नाही बघायचा?

तुम्ही मदतीला या म्हणत नाही. रॅम्प धरायला माणूस आहे, खुर्ची ढकलायला दादा आहे. तुम्ही जॅकच्या बाजूच्या टोकाला, प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसा. तिथून माझं तोंडही दिसेल आणि चेंडूही. ओरडलात, उठून उभे राहिलात तरी दंड बसणार नाही.

शनिवारी सकाळची एसटी धरा, इस्लामपूरहून बसायला जागा मिळते. स्वारगेटला दादा येईल. कमरेचा पट्टा प्रवासात लावून ठेवा. आई, ऑपरेशननंतरचा बाबांचा लांबचा चष्मा पिशवीत तूच आठवणीने घाल. ते मुद्दाम विसरतील. भडंग थोडं जास्त आण, त्या मुलीलाही आवडतं.

पहिली मॅच साडेदहाला आहे. मी लाल घेणार आहे.

तुमची,
छोटी