३७ पोत्यांना कोणी शिकवलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘संख्या ही माणसाची कल्पना, माणूस नसता तर संख्याही नसत्या’ हे आपल्या रविवार पुरवणीतील लेखाचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही.

आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची थप्पी लागताना पाहा. ३६ पोती असली की सहा-सहाच्या ओळी सरळ बसतात, नऊ-नऊच्या चारही बसतात. ३७ आली की पंचाईत. सहाच्या ओळी केल्या तर एक उरतं, पाचच्या केल्या तर दोन. उरलेलं पोतं हमाल वर टाकून मोकळा होतो. ‘मूळ संख्या’ हे शब्द त्याने ऐकलेले असोत वा नसोत, ३७ चे सारखे भाग पडत नाहीत. हे कोणी ठरवलं?

अर्थात, सगळंच संख्येच्या पदरात टाकू नये. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ घ्या. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची आणि हेच करत राहायचं. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतोच. विलक्षण शोध आहे! पण तो आपल्या दशमान लेखनावर उभा आहे. लिहिण्याची पद्धत बदला, ६१७४ चा हा मान जातो. ३७ मात्र कुठल्याही पद्धतीत लिहा, मूळच राहते.

संख्या म्हणजे फक्त मोजलेल्या वस्तू, असंही कोणी म्हणेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये एक नवी मूळ संख्या जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाजे आकडा शंभर अंकांतच मावतो. म्हणजे एवढ्या वस्तू मोजायला कुठेच नाहीत, तरी तिला भाग जात नाही हे पक्कं आहे.

मग ती राहते कुठे? जागा दाखवता येत नाही, कबूल. पण जागा पोत्याला लागते. भाग न जाण्याला जागा कशाला हवी?

लेखकांना माझा एकच प्रश्न आहे आणि उत्तर पुरवणीतच छापावं ही विनंती: ही संख्या सापडण्याआधी तिला भाग जात होता का?

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक, सांगली