पहिल्या सरीवरची पेरणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोहिणीत वळवाची एखादी दमदार सर पडली की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ‘बळीराजा सुखावला, पेरणीची लगबग’ असा मथळा हमखास दिसतो. गेली अठ्ठावीस वर्षे कोरडवाहू शेती करणारा शेतकरी म्हणून मला या मथळ्याविषयीच लिहायचे आहे. कारण वर्षभरातला आमचा सर्वांत महागडा निर्णय पुष्कळदा अशा बातमीने बळावलेल्या आशेवर घेतला जातो.

आशेला मी दोष देत नाही. ती नसती तर घरातले राखलेले बियाणे उघड्या आभाळाच्या भरवशावर मातीत टाकायला कोणी धजावलेच नसते. पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणू लागला की आजही हात शिवशिवतात. शिवाय मिरगाचा पेरा साधला तर मूग-उडीद पोळ्याच्या सुमारास घरात येतो आणि त्याच रानात रब्बीची ज्वारी किंवा हरभरा घेता येतो. म्हणजे घाईमागे हिशोबही असतो. मात्र हा हिशोब जमिनीत खोलवर ओल गेली असेल तरच जुळतो, आणि आशेच्या भरात नेमके तेवढेच पाहायचे राहून जाते.

२०२३ च्या जूनअखेरीस माझ्याकडून हेच घडले. मृग कोरडा गेला होता, आणि एका संध्याकाळी तासभर पाऊस झाला. सकाळी चहूबाजूंनी ट्रॅक्टरचे आवाज येऊ लागले, तेव्हा आपणच मागे राहू या धास्तीने मी पाच एकरांवर घरचे दीडशे किलो सोयाबीन पेरले. त्यानंतर पावसाने दडी मारली. आठव्या दिवशी मुलाने आणि मी ओळीतली माती बोटांनी उकरली. वर चार बोटे भुकटी, तिच्याखाली कडक ढेप, आणि ढेपेत फुगून पुन्हा सुरकुतलेले दाणे होते. काहींचा कोंब नखाएवढा येऊन टोकाशी तपकिरी पडला होता. एक दाणा चिमटीत धरला तर त्याची साल सुटून आली. मुलगा काही न बोलता पुढच्या ओळीत बसून उकरत राहिला. तिथे तरी जिवंत कोंब सापडेल, असे त्याला वाटत होते.

दुबार पेरणीसाठी दुकानात उरले होते ते बियाणे उधारीवर आणावे लागले आणि मुलाच्या वसतिगृहासाठी बाजूला ठेवलेली रक्कम खतात गेली. पुढे ते पीक फुलोऱ्यात येत असताना ऑगस्ट आला, आणि तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला देशभरातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दुसऱ्या वेळी मी काही चुकलो नव्हतो, पण पहिल्या पेरणीत गेलेले पैसे हाताशी असते तर तो फटका सोसता आला असता.

किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आल्याशिवाय पेरू नये, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. सोयाबीन साधारण १५ जुलैपर्यंत पेरता येते, त्यामुळे थोडे थांबल्याने हंगाम हातचा जात नाही. हे आम्हाला ठाऊक नाही असे नव्हे. पण शेजारचे रान पेरून झालेले दिसत असताना आपले रान मोकळे ठेवायला फार मोठे धैर्य लागते, आणि ते धैर्य मोजलेल्या आकड्यातूनच येते.

२०२५ चे उदाहरण ताजे आहे. हवामान विभागाने एप्रिलमध्ये सरासरीच्या १०५ टक्के पावसाचा अंदाज दिला आणि २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. सगळीकडे आनंदीआनंद झाला. त्यानंतर त्याची वाटचाल सुमारे दोन आठवडे खोळंबली, आणि पुढे त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आमच्या मराठवाड्यात काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. अंदाज खोटा नव्हता. तो संपूर्ण देशाचा आणि चार महिन्यांच्या एकूण पावसाचा होता. माझ्या शिवारात कोणत्या आठवड्यात किती पाणी पडेल, हे त्यातून कळणे शक्यच नव्हते. पण गावच्या पारावर ‘यंदा १०५ टक्के’ एवढेच वाचले गेले आणि त्यावर कोणी बियाणे उचलले, तर कोणी घरातले लग्नकार्य दिवाळीनंतर धरले.

म्हणून आपणास एक विनंती आहे. राज्यात २,००० हून अधिक महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत आणि तेथील पावसाची नोंद रोज होते. १ जून ते १५ जुलै या काळात प्रत्येक जिल्हा आवृत्तीत मंडळनिहाय एकूण पाऊस एका ठळक चौकटीत द्यावा आणि १०० मिलिमीटरची मर्यादा ओलांडलेली मंडळे वेगळी दाखवावीत. आमच्या गावात वृत्तपत्र सकाळी सातच्या एसटीने येते. चावडीसमोर ते मोठ्याने वाचले जाते आणि ट्रॅक्टर त्यानंतरच शेताकडे निघतात.

आपला विश्वासू,
एक कोरडवाहू शेतकरी,
ता. औसा, जि. लातूर