निळ्या डब्याला हात लावू नकोस

वाळपई,
18 एप्रिल

प्रिय शेटा,

परवा रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकल्या, "निळ्या डब्याला हात लावू नकोस. पत्र येतंय." त्यावर तू अंगठा पाठवलास. एवढं लिहिणाऱ्या माणसाला एक अंगठा! असू दे. पण काडतुसांचा तो डबा खरंच बाजूला ठेवलायस ना? नसशील ठेवला तर आधी ऊठ आणि ठेव, पत्र मग वाच. पानांचे फोटो काढून पाठवणं सोपं होतं, पण ते काम सोनूला सांगावं लागतं आणि तो वाचल्याशिवाय राहत नाही. म्हणून पोस्टाने.

आम्ही बरे आहोत. माझी साखर जिथे होती तिथेच आहे, सुलभाची पाठही. तुझा गुडघा आता वाकतो असं वहिनी म्हणाल्या, छान. जिने जपून उतर.

तर झालं असं. निवडणूक संपल्यावर पोलीस ठाण्यात जमा केलेली आमची एकनळी मागल्या आठवड्यात परत आणली. शेताच्या राखणीसाठी परवाना दिलेला माणूस दर निवडणुकीला गुन्हेगारासारखा बंदूक खांद्यावर घेऊन रांगेत उभा राहतो, हे तुझ्या अण्णांचं वाक्य मला दरवेळी आठवतं. इकडे रानडुकरांनी कणगांच्या कंदांचे वाफे नांगरून ठेवलेत, काजूच्या बोंडांचा तर सडा पडलाय. तेव्हा रात्री एक बार हवेत काढायचा, घाबरून पळतील, एवढाच बेत. सोनूने कपाटातली जुनी काडतुसं काढली. किती पावसाळे खाल्लेत त्यांनी देव जाणे, पितळ हिरवं पडलेलं.

घोडा ओढला आणि आवाज आला फुस्स. शिगम्यात भिजलेला फटाका वाजतो ना, तसा. सोनू हसला, "काका, फुसका बार!" म्हणाला, बंदूक मोडली, काळं टरफल झटकून टाकलं आणि दुसरं काडतूस आत सरकवायला लागला.

शेटा, मी कसा ओरडलो ते सुलभाला स्वयंपाकघरात ऐकू गेलं. तो बिचारा दचकून मागेच सरला. बंदूक काढून घेतली, टॉर्च मागवला, नळीतून पाहिलं. अंधार. मधोमध काडतुसातलं बूच अडकून बसलेलं. दारूने अर्धवट पेट घेऊन ते ढकललं आणि वाटेत दम सोडला. त्याच्यामागे दुसरा बार सुटला असता तर नळी फाटली असती, आणि सोनूचा डावा हात नळीखालीच होता.

हे मला कुणी शिकवलं? साठ वर्षं या घरात बंदूक आहे, बाबांनी कधी सांगितलं नाही. तू सांगितलंस, जानेवारीत, टुसॉनच्या तुझ्या गॅरेजमध्ये. आवाज हलका आला की थांबायचं, नळी पाहायची, मगच पुढचं. मी तेव्हा मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, याचं अमेरिकन प्रवचन सुरू झालं.

आता खरं सांगतो. तो टॉर्च तुझा होता. तुझ्या टेबलावरचा, काळा, बोटाएवढा. त्या रात्री माझ्या खिशात राहिला आणि थेट गोव्याला आला. नळीत त्याचा उजेड पाडला आणि तुझं गॅरेज डोळ्यांपुढे उभं राहिलं. तेव्हापासून झोप नाही.

त्या रात्री काय झालं ते तुझ्या बाजूने तुला आठवत असेल, माझ्या बाजूने ऐक. पन्नास भोकांचा तो लाकडी ठोकळा, त्यात पन्नास पितळी नळ्या, म्हणजे उडवलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं, उभ्या. बुडाची जुनी केप, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, काढून, नळी मापात आणून, तोंड जरा फुलवून, नवी केप बसवून तू सगळं आधीच तयार ठेवलं होतंस. राहिली होती फक्त दारू, गोळी आणि तोंड आवळणं. आणि तू मला ग्रेनचा, म्हणजे गोळी-दारू तोलायच्या मापाचा, हिशेब समजावत होतास. तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन, 96 गुंजांचा तोळा, म्हणून गुंज पावणेदोनच्या किंचित वर. 210 ग्रेनची तुझी गोळी म्हणजे एक तोळा सोळा गुंजा! केवढा खूष झाला होतास. अण्णांच्या काट्यावर तोललं असतं तरी हेच आलं असतं, म्हणालास, आणि डोळे पुसलेस. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यात ते तुझं पॉइंट फोर वन, म्हणजे पॉइंट फोर वन इंची रिव्हॉल्व्हरचं काडतूस. सगळं जग थ्री फिफ्टीसेव्हन नाहीतर फोर्टी फोर घेतं, दुकानात त्यांच्या काडतुसांची थप्पी असते, आणि आमच्या शेटाला हवं 1964 सालचं, जे दुकानात क्वचित मिळतं आणि मिळालं तर वहिनींपासून किंमत लपवावी लागते. म्हणून घरी भरणं आलं. राजदूत घेतलीस तेव्हाही हेच, सगळं डिचोली बजाज चेतकवर आणि तू पार्ट शोधत बेळगावला. वर मला पटवत होतास की चव्वेचाळीस म्हणतात तिची गोळी खरी पॉइंट फोर टू नाईन, एक्केचाळीस मात्र पॉइंट फोर वन झीरो, म्हणजे नावाप्रमाणे खरी. एल्मर कीथ या बंदुकांवर लिहिणाऱ्या अमेरिकनाने दोन्हींसाठी खटपट केली, मोठं भावंड गाजलं, पोलिसांसाठी म्हणून आणलेलं हे मधलं त्यांना जड झालं आणि तसंच राहिलं. मी तेव्हा म्हटलं नाही, आता म्हणतो. तुमच्या घरीही तेच, दुकान थोरल्याला, घर धाकट्याला, आणि मधल्याला विमानाचं तिकीट. मधल्याची बाजू मधलाच घेणार.

रागावलास? रागाव. पुढचं ऐकून आणखी रागावशील.

तुझा नियम होता, त्या टेबलाशी बसल्यावर फोन नाही, रेडिओ नाही, गप्पा नाहीत. तो तू माझ्यासाठी मोडलास. आणि मी काय काढावं? 1987 चा गोव्याचा राजभाषा कायदा! चाळीस वर्षं होत आली, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मध्यरात्री दोन म्हातारे कोकणी-मराठीवरून भांडतायत, आणि भांडतायत कोकणीतून. "तुका कितें कळटा!" असं मराठीची बाजू घेऊन मीच ओरडत होतो. नळीत दारू मापून टाकणाऱ्या यंत्राच्या दांडीवर तुझा हात, आणि तू मान माझ्याकडे वळवून मोर्च्यात कोण पुढे होतं ते सांगतोयस. दांडी एकदा खाली गेली, वर आली. मग तू थांबलास, ठोकळ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "हिच्यात घातली का रे?" मी म्हटलं, "घातली." खरं तर मला ठाऊक नव्हतं. मी वाद जिंकत होतो.

शेवटी तू म्हणालास, टॉर्च मार, एकेका नळीत बघ, सगळीकडे दारू एका पातळीला हवी. पहिल्या तीन ओळी मी नीट पाहिल्या, आईची शपथ. शेवटच्या दोन ओळींवरून नुसता उजेड फिरवला, तोंड तुझ्याकडे, कारण तू तेवढ्यात म्हणालास की मराठीवाद्यांना गोवा कधी कळलाच नाही. मी "बघितलं, सगळ्या सारख्या" म्हटलं आणि उत्तर द्यायला वळलो. तू गोळ्या बसवल्यास. अर्ध्या तासात पन्नास काडतुसं निळ्या डब्यात.

आणखी वाईट म्हणजे तो हलका भरणा माझ्यासाठी होता. माझा खांदा दुखतो म्हणून. तुझा नेहमीचा जड भरणा असता तर दारू नळीत काठाला येते, दोनदा पडली की सांडून बोंब मारते, हेही तूच सांगितलेलं. हलक्या भरण्याची दारू थोडी आणि तेज, तळाशी बसणारी. दुप्पट पडली तरी गोळीखाली मुकाट्याने मावते. एखादी रिकामी राहिली तर गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकेल, सोनूसारखं. दुप्पट पडली तर रिव्हॉल्व्हर हातात राहणार नाही. एकात नसेल आणि शेजारच्यात दुप्पट असेल, तर काय ते तूच सांग.

मे महिन्यात गुडघा बरा झाल्यावर रेंजवर जाणार, पहिला डबा निळाच उघडणार, "दिगूची काडतुसं", असं तू म्हणाला होतास.

काट्यावर तोलून ठरवू नकोस. पितळेत आणि गोळीतच इतका फरक असतो की थोड्या दारूची चूक त्यात लपते, हेही तुझंच. तो हातोडा आहे ना तुझ्याकडे, काडतूस डोक्यात अडकवून आपटलं की गोळी सुटून येणारा, त्याने पन्नासच्या पन्नास सुटी कर. शेवटच्या दोन ओळी कुठल्या ते आता डब्यात कळणार नाही, मी सगळी मिसळून भरली होती. सुंदर दिसावं म्हणून.

मी तिथेच का बोललो नाही? विमानात बसेपर्यंत मला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. सातवीच्या सहलीत आठवतं? जुन्या गोव्याजवळच्या पणेलीला गुरुजी म्हणाले, "इथे पोर्तुगिजांचा दारूचा कारखाना होता," आणि तू विचारलंस, "गुरुजी, काजूची की माडाची?" अख्खा वर्ग हसला आणि छडी मी खाल्ली, कारण तू माझ्याकडे बोट दाखवलंस. तेव्हापासून दारू म्हटलं की मला हसूच येतं, शेटा. त्या रात्रीही मला ते सगळं दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात फटाके भरण्यासारखंच वाटत होतं. इथे घरी काडतूस भरायचं मनात आणलं तरी परवान्याचं वेगळं लफडं, म्हणून कधी हाताळलंच नाही, आणि न हाताळलेल्याची भीतीही नसते.

सोनूला सगळं सांगितलंय, तुझ्या डब्याचं सोडून. जुनी काडतुसं परवान्याच्या दुकानदाराकडे दिली, बूच त्यानेच काढलं. डुकरं रोज येतात, आम्ही पत्र्याचा डबा वाजवतो.

मुलीचं लग्न ठरलं हे सुलभाकडून कळलं, अभिनंदन. तारीख कळव. चवथीच्या आसपास नको, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान कोण आणणार? थोरला भाऊ परवा बाजारात भेटला, तुझी चौकशी केली, एवढंच म्हणाला. मी जास्त विचारलं नाही. सोलं आणि थोडा काजूगर चँडलरला आमच्या लेकीकडे पाठवतोय, तिथून घे.

पन्नास सुटी केल्यावर मला सांग. सगळ्या बरोबर निघाल्या तरी सांग, शिव्या घालून सांग. एखादी नसेल तर ती गोळी आणि ते पितळ फेकू नकोस, मला पाहायचंय.

तुझा,
दिगू

ता.क. टॉर्च परत पाठवत नाही. सोनूने तो बंदुकीच्या कपाटाला दोरीने बांधून टाकलाय. तू दुसरा घे. आणि 1987 च्या मोर्च्यात पुढे कोण होतं, ते मी वाचनालयात पाहून आलो. तू म्हणालास तेच बरोबर होतं.